कोंडवाड्यातला देवाचा वळू

लासुर्ण्याचा कोंडवाडा माझ्याकडे होता तेव्हाची ही गोष्ट. छप्पन साल असावं. कोंडवाडा म्हणजे काय, तर चावडीमागं दगडी भिंतींचं एक आवार, एक लाकडी फाटक, पाण्याची एक डोणी आणि सावलीला लिंबाचं झाड. फाटकाची किल्ली माझ्या कमरेला. त्या एका किल्लीपायी गावानं मला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कुणा चोरालाही घातल्या नसतील. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर कुणीतरी हाकत आणायचं, मी ते आत घ्यायचं, मग मालक डोळे वटारत यायचा आणि दंड भरून जनावर नेताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. जनावर त्याचं, बांधलं नाही त्यानं, पीक गेलं तिसऱ्याचं, आणि वाईट मात्र मी. लग्नाला, बारशाला मला कुणी बोलावत नसे. जयवंता कोंडवाडेवाल्याचे पाय दारात नकोत, असं बायका उघड म्हणायच्या.

नियम सोपा होता. मालकानं यायचं, दोन पंचांसमोर 'जनावर माझं' म्हणायचं, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा, आणि मी जनावराचं दावं त्याच्या हातात द्यायचं. दावं हातात घेतल्याशिवाय सुटका नाही. मालक आलाच नाही तर गावात दवंडी, आणि मुदत संपली की बाजाराच्या दिवशी लिलाव. आणखी एक होतं. ज्यानं जनावर कोंडलं त्याला मन बदललं म्हणून ते परत नेता येत नसे. आमच्या गावच्या सावळारामनं हा नियम आयुष्यात कधी ऐकला नव्हता, कारण तोवर त्याला कोंडवाड्याचं कामच पडलं नव्हतं.

सावळारामचं रान कालव्याच्या कडेला. वांगी, कोबी, मिरची करायचा आणि बारामतीच्या बाजाराला न्यायचा. माणूस कष्टाळू, मनाचा साफ, पण राग आला की त्याला पुढचंमागचं दिसत नसे. एके दिवशी सकाळी तो चावडीवर आला तो गुळाचा खडा पुढं धरून, आणि त्या गुळामागं चालत होता एक पांढराशुभ्र वळू. वशिंड असं की बघत राहावं. मागच्या मांडीवर त्रिशुळाचा डाग.

"घे आत," सावळाराम म्हणाला. "कोबीची समदी रोपं तुडीवली ह्यानं. उद्या लावनी करनार व्हतो. आता काय लावू, माझं डोस्कं?"

"आरं पर ह्यो कळंबच्या म्हादेवाला सोडल्याला वळू हाय," मी म्हणालो. "ह्याला मालक न्हाय."

"मालक न्हाय तर म्हादेवाला म्हनावं ये सोडवायला."

चावडीच्या कट्ट्यावर सरपंच आप्पासाहेब आणि आणखी दोघं बसले होते. सगळ्यांनी ऐकलं. तक्रार करणारा तक्रार करतोय, रोपं तुडवलेली खरी आहेत, म्हटल्यावर मला फाटक उघडावंच लागलं. वळू गुळाच्या आशेनं आत गेला. आत गूळ नव्हता.

आता या वळूचं सांगायला हवं. शेजारच्या कळंबला प्रयागबाई म्हणून एक विधवा बाई होती. एकुलती एक मुलगी, सारजा. सारजा लहानपणी तापानं इतकी खंगली की वैद्यानं हात टेकले. तेव्हा प्रयागबाईनं ओढ्याकाठच्या महादेवाला नवस केला, माझी पोर उठू दे, घरचा गोऱ्हा तुला देईन. पोर उठली. प्रयागबाईनं गोऱ्हा देवळासमोर नेला, स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यातलं दावं काढलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, याचं दावं मी पुन्हा हातात धरणार नाही, आणि याच्या मानेवर कधी जू येणार नाही. असं बोलून सोडलेलं जनावर कुणाचंच राहत नाही, आणि सगळ्यांचं होतं. म्हादबा, म्हादबा म्हणत दोन्ही गावांनी त्याला वाढवला. कळंब-लासुर्ण्यातल्या निम्म्या गोठ्यांत त्याची वासरं होती. सावळारामच्या दारातली पांढरी कालवडसुद्धा त्याचीच.

पूर्वी तो कुणाच्या ज्वारीत तोंड घालायचा तर लोक हात जोडायचे. पण पाटाचं पाणी आलं, बारमाही ऊस आला, भाजीपाला आला. मोकळं पडलेलं रान म्हणून उरलं नाही. देव तोच, वळू तोच, फिरायला जागा तेवढी राहिली नव्हती. ही चूक कुणाची म्हणायची ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी सावळाराम परत आला. त्याची बायको फुलाबाई हिनं त्याला काय काय सुनावलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"जयवंता, चूक झाली. सोड त्याला," तो म्हणाला.

"तुला सोडता येत न्हाय. मालकालाच येतंय."

"मालक तर म्हादेव हाय."

"तूच म्हनला व्हतास, त्याला म्हनावं ये."

तो मटकन खाली बसला. मला त्याची दया आली आणि थोडी मजाही वाटली. इतकी वर्षं लोकांच्या रागाचा मी धनी, आज रागावलेला माणूस स्वतःच्याच रागात अडकला होता.

दवंडी झाली. दंड भरायला निम्मं गाव तयार होतं, पण 'माझा' म्हणून दावं धरायला एकही माणूस पुढं येईना. देवाला दिलेलं आपलं म्हणायचं, म्हणजे देवाच्या ताटातलं उचलायचं. ज्यांची मुलं-नातवंडं घरात खेळत होती त्यांची तर छातीच होईना. लिलावात बोली लावून सोडवतो, असं सावळाराम म्हणाला. फुलाबाईनं सांगितलं, देवाची वस्तू इकत घिऊन आलात तर मी माहेरी चालले.

मी आप्पासाहेबांना म्हणालो, पंचायतीनंच सोडून द्यावा की. ते चिडले. "आज देवाचा वळू सोडला तर उद्या जो तो आपल्या म्हशीला हळदकुंकू लावून आनंल. मग कोंडवाडा कशाला, देऊळच बांधू तितं." चिडले खरे, पण त्यांनाही झोप लागत नसावी. दिवसातून एकदा तरी ते फाटकापाशी येऊन वळूला बघून जायचे.

बाहेरगावचा बैलांचा व्यापारी तात्याबा हाही येऊन बघून गेला. त्याला नवसाचं सोयरसुतक नव्हतं. त्यानं वशिंड चाचपलं, पाय पाहिले, दात पाहिले. "बडवून खच्ची केला का उसाच्या गाडीला यक नंबर चालंल," तो म्हणाला. माणूस दुष्ट नव्हता. त्याला समोर बैल दिसत होता, एवढंच. मी मात्र त्या वळूच्या मानेवर जू आल्याचं मनात आणून पाहिलं आणि मला बरं वाटेना.

प्रयागबाई कळंबहून आली ती थेट फाटकासमोर येऊन बसली. डोक्यावर पदर, बाजूला भाकरीचं फडकं. तिनं वळूला हाक मारली नाही. तो मात्र तिला बघून फाटकापर्यंत आला आणि फटीतून नाक बाहेर काढून उभा राहिला. तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. चुकून हात पुढं जाईल अशी तिला भीती वाटत असावी.

"मावशी, पानी पिता का?" मी विचारलं.

"सारजा बाळंतपनाला आलीया," ती म्हणाली. "दिस भरल्यात. आज का उद्या."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

"तिच्या जिवासाठी सोडला व्हता ह्याला. म्या जाऊन दावं धरलं, तर बोलल्यालं मोडतंय. न्हाय धरलं, तर त्यो व्यापारी ह्याला जुंपनार, तरीबी बोलल्यालं मोडतंय. आन् घरात पोर आशी आवघडल्याली. तूच सांग जयवंता, म्या काय करू?"

माझ्याकडं किल्ली होती, अक्कल नव्हती. मी इतकंच विचारलं, "सारजाला ठावं हाय?"

"न्हाय सांगितलं. ह्या दिसांत तिच्या जिवाला घोर कशाला."

त्यानंतर ती रोज यायची आणि दिवस कलायच्या आत परत जायची. सावळारामही रोज यायचा, पण प्रयागबाई उठून गेली की मग. काखेत जुन्या वाफ्यातल्या कोबीचा पाला, चाऱ्याचं हिरवं कडवळ, कधी गुळाचा खडा. ज्यानं त्याची रोपं तुडवली त्यालाच तो हातानं कोबी चारत होता. "चाऱ्याचा खर्च पंचायत करती, तू कशाला वाया घालवतोस?" असं मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "पंचायतीच्या कडब्यानं त्याचं पोट भरत न्हाय." वळूलाही त्याची सवय लागली. सावळारामच्या पायाची चाहूल लागली की फाटकाशी येऊन उभा राहायचा. रागानं कोंडलेल्या जनावराशी माणसाची अशी सोयरीक झालेली मी दुसरी पाहिली नाही.

लिलावाचा दिवस उजाडला. बाजारासाठी आलेली माणसं चावडीपाशी गोळा झाली. तात्याबा पुढंच उभा होता, खांद्यावर नवं कोरं दावं टाकून. आप्पासाहेब खुर्चीत बसले खरे, पण कुणाकडं बघत नव्हते. सावळारामचा पत्ता नव्हता. पहाटेच गाडी जुंपून कुठंतरी गेलाय, असं कुणीतरी म्हणालं. तोंड लपवायला गेला असणार, असं दुसरा म्हणाला, आणि मलाही तेच वाटलं. वाईट वाटलं.

मी वळूच्या गळ्यात दावं घातलं. इतक्या वर्षांत त्याच्या गळ्यात काही पडलं नव्हतं. तो बिथरला नाही, फक्त मान वळवून माझ्याकडं बघत राहिला. ती नजर मला सोसवेना. मी त्याला फाटकाबाहेर आणला.

"शेवटचं इचारतो," आप्पासाहेब म्हणाले. "ह्या जनावराला कुनी मालक हाय का?"

तात्याबानं घसा खाकरला. तेवढ्यात फाटकापाशी बसलेली प्रयागबाई उठली.

"हाय," ती म्हणाली. "माझा हाय."

ती चालत माझ्यासमोर आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं हात पुढं केला, पण मला दावं तिच्या हातात द्यावंसंच वाटेना. दावं ज्याच्या-त्याच्या हातात द्यायचं, हेच तर माझं काम. त्या दिवशी माझी मूठ उघडेना. ही बाई दावं धरील, घरी जाईल, आणि पोरीला जरा काही झालं तर जन्मभर या हाताकडं बघत बसेल, हे मला समोर दिसत होतं.

"दे जयवंता," ती म्हणाली. "मला फार येळ उभं ऱ्हावत न्हाय."

"मावशी, थोडं थांबा."

"थांबून काय व्हनार हाय?"

तेवढ्यात रस्त्यावरून गाडीचा आवाज आला. सावळारामची गाडी. पण तो गाडीत बसला नव्हता. बैलांच्या पुढं, कासरा हातात धरून, खाचखळगे बघत पायी चालत होता. गाडीत कडब्याच्या गादीवर वाकळ टाकली होती आणि वाकळेवर, दोन्ही हातांनी गाडीच्या कठड्याला धरून, सारजा बसली होती.

प्रयागबाईनं हात मागं घेतला. "आगं सारजे, तू कशाला आलीस? ह्या अवस्थेत? आन् ह्यानं तुला..."

"त्यांना बोलू नगं," सारजा म्हणाली. "सकाळी दारात येऊन हात जोडून हुबं ऱ्हायले. म्हनले, माझ्या हातनं चूक झालीया, तुज्या जिवाच्या नवसाचा वळू म्या कोंडला, तुज्या आईला तोंड दावायची मला लाज वाटती, तूच तिला काय ते सांग. आये, त्यांनी सांगितलं. तू न्हाय सांगितलंस."

गर्दीतून फुलाबाईनं पुढं होऊन तिला हात दिला. सारजा हळूहळू खाली उतरली. पोट पुढं, कमरेवर हात, आणि चेहऱ्यावर राग. आईवरचा राग असतो तसा, प्रेम आणि वैताग एकत्र. ती वळूपाशी आली.

"आप्पा," ती सरपंचांना म्हणाली, "ह्यो माझा हाय."

आप्पासाहेब गोंधळले. "आगं पोरी, तुज्या आईनं तर ह्याला देवाला सोडल्याला."

"आईनं सोडला. म्या कवा सोडला?" सारजा म्हणाली. "म्या तवा तापात व्हते. मला कुनी इचारलं बी न्हाय. आई बोलली, का दावं धरनार न्हाय. ती आईचं बोलनं, आईनं पाळावं. मी तसं काय बोलल्याली न्हाय. आमी दोगं यकाच गोठ्याम्होरं वाढलो. माझ्या जिवाच्या बदली त्यो दिला. माझ्या जिवावर माझा हक्क हाय, तर त्याच्यावर न्हाय व्हय?"

सगळे आपापल्या मनात ते तपासून बघत होते. मीही बघितलं. नवस करणारी बांधलेली असते. जिच्यासाठी नवस केला ती कशानंच बांधलेली नसते. इतकी साधी गोष्ट, पण सारजाला सांगायचंच नाही असं आईनं ठरवलं होतं, मग ती कुणाला सुचणार?

आप्पासाहेब खुर्चीत सरसावून बसले. मग पंचांकडं वळले. "हिचा हाय ह्याला साक्षीदार कोन?"

"म्या हाय," सावळाराम म्हणाला. सगळ्यांत आधी तो. मग कट्ट्यावरचे दोघं, मग कळंबचे बाजाराला आलेले लोक, मग ज्यांच्या गोठ्यात म्हादबाची वासरं होती ते सगळे. दंड सावळारामनं भरला. तक्रार करणाऱ्यानंच दंड भरल्याचा हा आमच्या कोंडवाड्यातला पहिला आणि शेवटचा प्रकार.

माझी मूठ आता आपोआप उघडली. सारजानं दावं धरलं आणि वळूला रस्त्यापर्यंत चालवत नेलं. इतकं मोठं धूड, पण तिच्या पावलानं, तिच्या चालीनं चालत होतं. रस्त्याच्या कडेला ती थांबली. तिनं त्याच्या गळ्यातलं दावं काढलं.

"म्हादेवा," ती म्हणाली, "आईनं माझ्यासाठी सोडला व्हता. आता म्या माझ्या लेकरासाठी सोडला."

प्रयागबाई खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. फुलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तात्याबानं आपलं कोरं दावं खांद्यावरून काढून गुंडाळलं आणि म्हणाला, "बरं झालं. असल्या वळवाला बडवायला माझाबी हात धजला नसता." त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, पण कुणी उलट बोललंही नाही.

वळू क्षणभर उभा राहिला, मग सरळ सावळारामच्या मळ्याच्या वाटेला लागला. गाव हसलं. सावळाराम "आरं, थांब, थांब" म्हणत मागं पळाला. पण त्या सालापासून त्यानं एक केलं. वाटेकडच्या बांधाला कडवळाचा एक पट्टा पेरला आणि त्याच्या आत भाजीला काट्याचं कुंपण घातलं. म्हादबा यायचा, आपला वाटा खायचा आणि पुढं जायचा. पुढच्या सालात पाटाकडेच्या आणखी काही जणांनी आपापल्या बांधाला तसंच कडवळ टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं.

सारजाला मुलगी झाली. बाळंतीण, बाळ दोघी सुखरूप. बारशाचा निरोप घेऊन सावळाराम माझ्याकडं आला तेव्हा मला वाटलं तो थट्टा करतोय.

"सारजानं बोलीवलंय," तो म्हणाला. "आन् ते दावं घिऊन याया सांगितलंय. त्या दिवशीचं."

दावं मी जपून ठेवलं होतं, का ते विचारू नका. कळंबला पोचलो, पण दारातच पाय अडखळले. बायका आत गोळा झाल्या होत्या. मी बाहेरच उभा राहिलो.

प्रयागबाईनं मला पाहिलं. "उंबऱ्यात का हुबा? आत ये की," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. इतक्या वर्षांत कुणाच्या बारशाच्या घुगऱ्या मी कुणाच्या घरात बसून खाल्ल्या नव्हत्या. मला त्या फार गोड लागल्या.

आत आढ्याला लुगड्याची झोळी बांधली होती. सारजानं माझ्याकडून दावं घेतलं आणि झोळीला बांधलं, ओढायला म्हणून. मग आईला म्हणाली, "आये, हलीव आता नातीला."

प्रयागबाई दोन पावलं मागं सरली. दाव्याकडं बघत राहिली.

"वळवाचं दावं धरनार न्हाय म्हनली व्हतीस," सारजा म्हणाली. "ह्ये आता वळवाचं न्हाय."

प्रयागबाईनं हात लुगड्याला पुसले. पुढं आली, खाली बसली आणि दावं धरलं. आधी बोटांनी, मग मुठीनं. झोळी हलायला लागली. बायकांनी नाव ठेवलं, पाळणे म्हटले, पान-सुपारी झाली, एकेक जण उठून गेला. पोर केव्हाच झोपली होती. मी निघायला उठलो तेव्हाही प्रयागबाईच्या हातातलं दावं सुटलं नव्हतं.